घरचा तांब्याचा बॉयलर : सिल्वर ब्रेझिंग सांध्यात शिरत नाही, काय करावं?

गॅलरीतला_फिटर
नमस्कार मंडळी. चिंचवडला फ्लॅटच्या गॅलरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. टेबलावरचा लेथ, ड्रिल मशीन, शेगडा (जॉब पकडायचा व्हाइस) आणि बायकोच्या भाषेत 'पसारा'. ऑसिलेटिंग, म्हणजे सिलेंडरच डुलणारं, वाफेचं इंजिन करून झालंय, १२ मिमी बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), १६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), सायकलच्या पंपाने हवा मारली तरी मजेत पळतं. आता त्याला खरी वाफ द्यायची म्हणून बॉयलर घेतला करायला आणि तिथे गाडी अडलीये.

बॉयलर असा : एसीच्या मोठ्या लाईनचा तांब्याचा पाईप, बाहेरून ५४ मिमी, जाडी १.६, लांबी १५० मिमी. दोन्ही टोकांना २ मिमी तांब्याच्या पत्र्याची काठ वळवलेली झाकणं. वर तीन पितळी बुश, म्हणजे जोडणीची तोंडं : सेफ्टी व्हॉल्व्ह, वाफेची लाईन आणि पाणी भरायचं तोंड. प्रेशर ३ किलो (दर चौ. सेंमी) धरलंय. ब्रेझिंगची, म्हणजे तापलेल्या सांध्यात वितळवायची, कांडी ४५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली, आणि तिच्यासोबतची पांढरी फ्लक्सची पेस्ट, तापताना धातूवरचा ऑक्साईड खाणारी. टॉर्च पाईपवाला आहे, घरच्या सिलेंडरला घरच्याच रेग्युलेटरवर जोडलेला.

होतं असं की कांडी वितळते पण गोळी होऊन वरच बसते, सांध्यात जातच नाही. फ्लक्स आधी पाण्यासारखा होतो, मग काळा पडतो आणि त्यानंतर काहीही करा, उपयोग नाही. बुशच्या बाजूला थोडं धरलं पण आतून बघितलं तर कोरडं. फ्लक्स बदलू, कांडी बदलू का मीच बदलू?

चाळिशी_पार
आधी हे सांगा, सोसायटीच्या चेअरमनना माहितीये का गॅलरीत बॉयलर शिजतोय ते 😀

गॅलरीतला_फिटर
चेअरमन रविवारी येऊन इंजिन बघून गेले, नातवाला घेऊन. सेक्रेटरीचं मात्र सांगता येत नाही.

निवृत्त_टर्नर
कांडी पण ठीक आहे, फ्लक्स पण ठीक आहे. तुझी उष्णता कमी पडतेय बाळा. तांबं पितळेच्या तिप्पट वेगाने उष्णता ओढून नेतं. तू एका जागी ज्योत धरतोस, ती उष्णता पाईपभर पळते, सांधा काही तापत नाही. मग कंटाळून तू ज्योत कांडीवर धरतोस, कांडी वितळणारच, पण खाली धातू गार आहे म्हणून गोळी होते. कांडी ज्योतीने वितळवायची नसते. जॉब इतका तापलेला पाहिजे की ज्योत बाजूला घेऊन कांडी नुसती टेकवली की ती जॉबच्या अंगच्या उष्णतेने वितळून सांध्यात ओढली जाते. तुझी ४५ टक्केवाली ६४० अंशाला मऊ व्हायला लागते आणि ६८० ला पूर्ण पातळ होते. म्हणजे सबंध टोक मंद लाल दिसलं पाहिजे, आणि ते सावलीत बघायचं, भर उन्हात गॅलरीत लाल रंग दिसतच नाही, मग माणूस एकतर कमी तापवतो नाहीतर जाळून टाकतो.

फ्लक्स काळा पडतो त्याचं कारणही तेच. फ्लक्सला आयुष्य असतं. तू अर्धवट तापवत दहा मिनिटं घालवलीस तर तो ऑक्साईड खाऊन खाऊन संपतो आणि मग उघड्या तांब्यावर काळा थर चढतो. त्या थरावर चांदी कधीच पसरणार नाही. थोडक्यात काय, मोठी ज्योत घे आणि काम लवकर उरक. लहान ज्योतीने जपून जपून करायला गेलं की हमखास बिघडतं.

दुसरं, सांध्यातली फट किती ठेवलीस ते लिही. ०.०५ ते ०.१५ मिमी पाहिजे. दाबून बसवलेल्या सांध्यात चांदी शिरणार कुठून?

गॅलरीतला_फिटर
काका, फट जवळजवळ नाहीच, हातोडीने ठोकून बसवलंय झाकण 🙈 मला वाटलं घट्ट तेवढं चांगलं.

निवृत्त_टर्नर
घट्ट चांगलं ते प्रेस फिटला, म्हणजे नुसतं दाबून बसवायच्या कामाला. इथे झाकण हाताने आत सरकलं पाहिजे आणि तरी खडखडायला नको. काठावर सेंटर पंचाने चार-पाच बारीक टिपके मारून घे, ते किंचित फुगतात आणि सगळीकडे सारखी फट राहते. बुशलाही तेच कर.

कूलिंग_कॉइल
एसीची लाईन वापरलीय ना, मग एसीवाल्याचीच कांडी वापरा की. आम्ही रोज तांब्याला तांबं जोडतो, फॉस्फरसवाली कांडी, तांब्यावर फ्लक्स लागतच नाही, किंमत चांदीच्या कांडीच्या पासंगालाही नाही. एसीच्या लाईनमधलं प्रेशर तुमच्या ३ किलोच्या कितीतरी पट असतं आणि सांधे वर्षानुवर्षं टिकतात. उगाच महागातलं कशाला.

वाफाळ
@कूलिंग_कॉइल, एसीच्या लाईनला खालून कोणी जाळ लावत नाही हो. आणि ती कांडी वितळायला ७०० च्या वर जावं लागतं, म्हणजे याची जी अडचण आहे, उष्णता पुरत नाही, ती अजून वाढली.

कूलिंग_कॉइल
वाढली तर वाढली, ऑक्सिजन लावा, दोन मिनिटांचं काम आहे. आमची पोरं भिंतीला चिकटलेल्या लाईनवर उलटं लटकून करतात.

यॉर्कशायरचा_मावळा
मी इथे इंग्लंडात एका मॉडेल इंजिनिअरिंग क्लबात जातो, त्यामुळे थोडं सांगतो. एसीची कांडी वाईट आहे असं नाही पण बॉयलरमध्ये तिला दोन गोष्टींचं वावडं आहे. एक म्हणजे गंधक. कोळशाचा जाळ असेल तर धुरातलं गंधक त्या फॉस्फरसवाल्या सांध्याला हळूहळू खातं. गॅसचा किंवा स्पिरिटचा जाळ असेल तर हा मुद्दा तेवढा उरत नाही. दुसरं, लोखंड किंवा पोलादाला ती अजिबात लावायची नाही, सांधा ठिसूळ होतो, काचेसारखा तडकतो. आणि पितळ-ब्राँझच्या बुशला लावायची तर फ्लक्स लागतोच, म्हणजे फ्लक्स वाचला हा फायदाही गेला. इथले जुने लोक एक करतात, आतले सांधे जास्त तापमानाच्या कांडीने आधी करून घेतात आणि बाहेरचे नंतर ५५ टक्के चांदीने, ती ६३० ते ६६० मध्येच वाहते, म्हणजे दुसऱ्या वेळी पहिला सांधा सुटत नाही. एवढ्या छोट्या बॉयलरला मी सगळं एकाच तावात, एकाच कांडीने केलं असतं.

उगीच_डोकावलो
एम-सील लावून बघितलं का?

चाळिशी_पार
@उगीच_डोकावलो, आलात, बरं झालं. चहा घ्या.

वाफाळ
मला खरा घोटाळा रेग्युलेटरमध्ये दिसतोय. घरचा रेग्युलेटर फक्त ३० मिलिबार देतो, पोळ्या भाजायला पुरे. पाईपच्या टॉर्चला हवा ओढायला गॅस जोरात सुटावा लागतो, तरच ज्योत निळी आणि धारदार होते. ज्योत पिवळी, लांब आणि आळशी दिसत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. भट्टीवाले, केटरिंगवाले वापरतात तो चावीचा हाय प्रेशर रेग्युलेटर आणि त्याला चालणारी होज घ्या, साधी केशरी नळी त्याला लावायची नाही. बर्नरचं तोंड ३० मिमीच्या आसपासचं. आणि घरचा सिलेंडर या कामाला वापरणं नियमात बसत नाही, ५ किलोचा कमर्शियल घ्या. मोठा बर्नर सलग चालला की छोटा सिलेंडर गार पडतो, बाहेरून दव धरतं आणि प्रेशर उतरतं, तेव्हा सिलेंडर भरलेला असतानाच ब्रेझिंगला बसा.

अजून एक, जॉब कशावर ठेवता? फरशीवर ठेवला असेल तर अर्धी उष्णता फरशी पिते आणि फरशी तडकते ती वेगळीच. सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकचे तुकडे आणा, बांधकामावर फुकट पडलेले असतात, तीन बाजूंनी छोटी भिंत उभी करा आणि जॉब त्या कोनाड्यात ठेवा. उष्णता परत जॉबवर येते, निम्मा गॅस वाचतो. ब्लॉक कोरडे खडखडीत हवेत, ओला असेल तर फटकन टवका उडतो.

गॅलरीतला_फिटर
ज्योत पिवळीच आहे 🤦 आणि जॉब फरशीवर, विटेवर ठेवून. म्हणजे सगळंच उलटं चाललंय.

तांबटकन्या
तांबट आळीतली आहे, पुण्याच्या कसब्यातली, त्यामुळे तांब्याचं नाव निघालं की राहवत नाही. झाकणं कशी वळवलीत ते लिहिलं नाही. पत्रा ठोकताना मऊ केला होता का मधे मधे? तांबं ठोकलं की कडक होतं. आमच्याकडे कानानेच ओळखतात. सुरुवातीला हातोडीचा आवाज बद्द येतो, जसजसं कडक होईल तसा खणखण यायला लागतो. खणखण आला की थांबायचं, सगळा तुकडा लाल करायचा आणि पाण्यात टाकायचा. पोलाद असं पाण्यात टाकलं तर कडक होतं, तांब्याचं तसं नाही, ते पाण्यात टाका की तसंच गार होऊ द्या, मऊच होतं. पाण्यात टाकायचं ते वरची काळी पापडी झडून जावी म्हणून. मऊ न करता तसंच ठोकत राहिलं तर काठाला बारीक केसासारख्या चिरा पडतात, त्या तेव्हा दिसत नाहीत आणि ब्रेझिंग करताना उघडतात. तुमच्या काठाला भिंगाखाली एकदा बघाच.

आणि साफसफाई. फ्लक्स लावायच्या आधी तांबं गुलाबी दिसलं पाहिजे, तपकिरी नाही. काथ्या नाहीतर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मग बोट लावू नका, बोटाचं तेलही पुरतं बिघडवायला. ब्रेझिंग झाल्यावर फ्लक्सची काच होते, ती आमच्याकडे चिंचेच्या पाण्यात सुटते, तुम्ही वाण्याकडचं लिंबूसत्त्व आणा, लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम, रात्रभर ठेवा. त्यात लोखंडी चिमटा बुडवायचा नाही हं. पाण्यात विरघळलेलं तांबं चिमट्याच्या लोखंडामुळे परत बाहेर पडतं आणि जॉबवर गुलाबी थर बसतो, चांदीचा सांधाही तांब्याचा दिसायला लागतो. पितळी किंवा प्लास्टिकचा चिमटा.

निवृत्त_टर्नर
तांबटताई एक नंबर. त्यात एक भर. लाल जॉब थेट ॲसिडच्या पाण्यात टाकायचा नाही, डोळ्यात उडतं. आणि ब्रेझ केलेला जॉब लाल असताना साध्या पाण्यातही नको, पाईप आणि बुश वेगवेगळ्या वेगाने आखडतात आणि नवा सांधा चिरतो. काळा पडू दे, मग धुवायला घे.

आणि तिन्ही बुशच्या भोकांपैकी एकही ब्रेझिंगच्या वेळी बंद असता कामा नये. बंद डब्यात थेंबभर पाणी जरी राहिलं असेल तर त्याची वाफ होते आणि झाकण गोळीसारखं सुटतं. हे कुठल्याही पोकळ जॉबला लागू.

गॅलरीतला_फिटर
तांबटताई, काठ भिंगाने पाहिला, एका झाकणाला खरंच तीन-चार चिरा आहेत. ते झाकण नवीन करतो. साचा कशाचा करता तुम्ही? मी लेथवर अॅल्युमिनियमचा केला होता, तो काठाला दबला.

तांबटकन्या
आमच्याकडे लोखंडी खरवई (ठोकायची ऐरण) असते, तिच्यावर मठारकाम (हातोडीने ठोके उमटवणं) चालतं, पण तुमच्या कामाला साच्याची जात महत्त्वाची नाही. एम.एस.चा (साध्या पोलादाचा) गोळा लेथवर फेस मारून सपाट करून घ्या, काठाला पत्र्याच्या जाडीएवढी तरी गोलाई द्या, कोपरा धारदार ठेवलात की पत्रा तिथेच कापला जातो. साच्याचा व्यास म्हणजे पाईपचा आतला व्यास वजा पत्र्याची दुप्पट जाडी, शिवाय फटीसाठी अजून थोडं वजा. लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा घ्या. एका फटक्यात काठ वळवू नका, गोल गोल फिरत थोडं थोडं, नाहीतर झालरीसारख्या चुण्या पडतात.

गणिती_गाढव
३ किलो ३ किलो चाललंय म्हणून हिशेब करून पाहिला. पाईपच्या अंगावरचा ताण = प्रेशर × व्यास ÷ (२ × जाडी). ३ × ५.४ ÷ ०.३२ = साधारण ५१ किलो दर चौ. सेंमी. मऊ तांबं तुटायला २१०० च्या आसपास लागतात. म्हणजे पाईपची काळजी नको, तो चाळीसपट भारी आहे. झाकण मात्र सपाट आहे. आतला व्यास ५०.८, क्षेत्रफळ २० चौ. सेंमी, गुणिले ३ म्हणजे ६० किलो. एक माणूस कायम झाकणावर आतून उभा आहे असं समजा. सपाट पत्रा फुगायला बघतो आणि सगळा भार काठाच्या सांध्यावर येतो. मधोमध एक आडवा स्टे घाला, ५ मिमीचा ब्राँझचा रॉड, दोन्ही झाकणांतून आरपार, आणि तोही ब्रेझ करा.

यॉर्कशायरचा_मावळा
बरोबर, स्टे हवाच. आणि हो, पितळी बुश काढून टाका. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र लालसर भुसा राहतो, बाहेरून ठणठणीत आणि आतून पोकळ. बुश गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचे करा, दोन्ही तांबं-कथिलाचे मिश्रधातू.

नागदेवीचा_नाग
फॉस्फर ब्राँझचे छोटे तुकडे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात, आख्खा रॉड घ्यायला लावतील, ऐकायचं नाही, पुढच्या दुकानात जायचं. टॅप, रीमर, जुनी मायक्रोमीटर, सगळं तिथे. पुण्यात जुना बाजार, बुधवार-रविवार, पण तिथे नशीब लागतं. कोल्हापूरकर असाल तर उद्यमनगरात फाउंड्रीवाल्याकडून कास्टिंगचा तुकडाच घ्या.

प्रश्नचिन्ह
एवढ्या भानगडी कशाला? साध्या डागाने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरने का नाही करत? माझ्या लहानपणीचा टिनचा खेळण्यातला बॉयलर डागाचाच होता.

वाफाळ
६०-४० चा (कथिल-शिशाचा) डाग १८३ अंशाला वितळायला लागतो. ३ किलोला वाफ जवळपास १४३ अंशाला असते. कागदावर ४० अंशांचं अंतर दिसतं, पण एकदा पाणी संपलं आणि खाली जाळ चालू राहिला की ते अंतर मिनिटभरात संपतं. खेळण्यातले बॉयलर किलोभर प्रेशरच्याही खाली चालायचे. डाग वापरायचाच तर चांदीच्या सांध्यावर वरून, एखादी बारीक गळती मारायला, ताकदीसाठी नाही.

प्रश्नचिन्ह
ओके. कायद्याचं काय, बॉयलर इन्स्पेक्टर वगैरे?

गणिती_गाढव
आपल्याकडे २५ लिटरपेक्षा लहान भांडं कायद्याच्या व्याख्येत बॉयलर ठरत नाही. हा पाव लिटरच्या वर थोडा. इन्स्पेक्टर येणार नाही, म्हणून टेस्ट आपल्यालाच नीट करावी लागते.

सांगलीकर_बापू
चर्चा रंगलीय. कॅडमियमचा विषय निसटून गेला म्हणून लिहितो. जुन्या स्टॉकमधल्या ४२ टक्के कांड्या बाजारात अजून फिरतात, ६१० च्या आसपास वाहतात म्हणून कारागिरांना आवडतात, पण त्यात कॅडमियम असतं आणि धूर फुफ्फुसांना घातक आहे. सोनारांकडचे केडीएम (कॅडमियमच्या डागाचे) दागिने बंद पडले त्यामागे हेच कॅडमियम. पाकीट वाचून घ्या, पाकीट नसेल तर घेऊच नका. गॅलरीत हवा असते हे एक बरं आहे.

आटेपाडू
धाग्यात घुसतोय, माफी. फॉस्फर ब्राँझच्या बुशमध्ये एम३ चा टॅप (३ मिमीचे आटे पाडायचं हत्यार) तुटलाय, बुश फेकवत नाही, फार मेहनतीने केलाय. तुटका तुकडा काढायचा ईझी-आउट त्या मापाचा मिळत नाही. काही जुगाड?

निवृत्त_टर्नर
तुरटी! दाढीची तुरटी. पाण्यात विरघळेल तेवढी विरघळव, बुश त्यात टाक आणि उकळीच्या खाली गरम ठेव. तुरटी पोलाद खाते, ब्राँझला हात लावत नाही. बारीक बुडबुडे टॅपवरून निघायला लागले की समज काम चालू आहे. साधा कार्बन स्टीलचा टॅप काही तासांत काळा चिखल होतो, एच.एस.एस.ला (हाय स्पीड स्टीलला) दिवस जातो. भांडं काचेचं घे, खिडकी उघडी ठेव. पोलादी जॉबवर हा प्रयोग करायचा नाही हे सांगायला नको. घड्याळजी लोकांची ही जुनी युक्ती आहे.

गणिती_गाढव
आणि पुढच्या वेळी ड्रिल २.५ ऐवजी २.६ घ्या. २.५ ने साधारण ७७ टक्के खोलीचे आटे पडतात, २.६ ने ६२. ब्राँझमध्ये ६२ टक्के भरपूर झाले, टॅपवर जोर मात्र खूप कमी येतो.

आटेपाडू
तुरटीत टाकलाय. बायको विचारतेय गॅसवर काय ठेवलंय. "ब्राँझचा काढा" म्हटलं.

नागदेवीचा_नाग
बाकी तांब्यात भोक पाडताना कोणी दूध वापरतं का? आमच्याकडे एक जुने मिस्त्री होते, तांब्याच्या जॉबला ऑईल न घालता दूध घालायचे, फिनिश आरशासारखं यायचं. चहा मात्र पोरांना कोरा.

निवृत्त_टर्नर
वापरायचे खरं. तांबं चिकट, ड्रिलला बिलगतं, दुधातली साय कामी येते. संध्याकाळी मशीन पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पाऊल ठेववत नाही. पितळेचं उलटं, पितळेत ड्रिल बिलगत नाही, ओढून आत घुसतं आणि जॉब शेगड्यातून उचलतं. त्याला ड्रिलच्या धारेवर ऑईल स्टोनने एक-दोनदा सरळ घासून धारेचा तिरकेपणा मोडायचा. पितळेसाठी असे ड्रिल वेगळे डबीत ठेवावेत.

माथेरानची_राणी
तुमचं हे वाचून जुनं खूळ वर आलंय. माथेरानचं वाफेचं इंजिन मॉडेल करायचं आहे, १९०७ चं, ओरेनस्टाइन अँड कोपेलचं. मूळ गेज दोन फुटांचं. त्यात टोकाच्या ॲक्सल पोकळ असतात आणि आतल्या दुसऱ्या ॲक्सलवर बाजूला सरकतात, म्हणून ते घाटातल्या वळणावर वळायचं. ते लेथवर कसं करावं याचा विचार करून डोकं भणाणलंय.

चाळिशी_पार
ताई, हा गृहस्थ पाव लिटरचा डबा बंद करू शकत नाहीये आणि तुम्ही इंजिन नेरळहून वर चढवताय. वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

गॅलरीतला_फिटर
अपडेट. ५ किलोचा कमर्शियल सिलेंडर, चावीचा रेग्युलेटर, मोठा बर्नर आणि शेजारच्या साईटवरून सिपोरेक्सचे तुकडे. झाकणं नवीन केली, खणखण ऐकत ऐकत. बुश फॉस्फर ब्राँझचे, मधून ५ मिमीचा स्टे. दिवे लागणीच्या वेळी बसलो, म्हणजे रंग दिसेल.

आणि काय सांगू, फरक! आधी फ्लक्सचं पाणी उकळून पांढरं पीठ झालं, मग ते काचेसारखं पातळ झालं, तेवढ्यात सबंध टोक मंद लाल. ज्योत जरा मागे घेतली आणि कांडी टेकवली, एका बाजूला टेकवली तर चकचकीत रेघ सरसर पळत पलीकडून फिरून आली. ज्योत फिरवेल तिकडे चांदी येते, उष्णतेच्या मागे धावते. दुसरं टोक करताना पहिलं ओल्या फडक्याने... असं करणार होतो, पण इथे विचारून मगच म्हणून थांबलोय. दुसरं टोक अजून बाकी आहे.

यॉर्कशायरचा_मावळा
ओलं फडकं नको, ते उष्णता ओढेल आणि परत पहिल्या दिवसासारखी गोळी होईल. पहिल्या सांध्याला परत फ्लक्स लावा आणि सुटायची भीती सोडा. तिथली चांदी वितळली तरी फटीतून कुठे जात नाही, बारीक फटीच्या ज्या ओढीने ती आत खेचली गेली तीच ओढ तिला धरून ठेवते. फक्त जॉबला धक्का द्यायचा नाही. शिवाय एकदा वितळलेली मिश्र चांदी थोडं तांबं खाऊन बसते, दुसऱ्यांदा ती थोड्या जास्त तापमानाला वितळते.

गॅलरीतला_फिटर
झालं दुसरं टोक. लिंबूसत्त्वात रात्रभर ठेवून सकाळी आतून बॅटरी मारून पाहिलं, दोन्हीकडे आत सलग रेघ. आता टेस्ट. माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे, ६ किलो हवा भरून साबणाचं पाणी लावलं तर?

वाफाळ
नाही!! हवा नाही. हवा दबते, सांधा सुटला तर ती सगळी एकदम मोकळी होते आणि झाकण भिंतीत जाऊन बसतं. पाण्याने करायची टेस्ट. पाणी दबत नाही, फुटलं तर थेंब गळतात आणि प्रेशर लगेच शून्य.

निवृत्त_टर्नर
प्लंबरकडे पाईपलाईन टेस्ट करायचा हातपंप असतो, गेजसकट. दिवसाच्या भाड्यावर मिळतो. बॉयलर काठोकाठ पाण्याने भर, तिरका करून आतली हवा पूर्ण काढ, मग चढव. चालवायच्या प्रेशरच्या दुप्पट, म्हणजे ६ किलो, आणि पंधरा-वीस मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. झाकणावर आधी सरळपट्टी धरून ठेव, फुगतंय का ते दिसतं.

यॉर्कशायरचा_मावळा
इथे क्लबातही तेच, पहिल्यांदा दुप्पट, पुढच्या ठरावीक तपासणीला दीडपट.

गॅलरीतला_फिटर
६ किलोला अर्धा तास ठेवला. बॉयलर कोरडा, पंपाच्या जोडणीतून मात्र थेंब पडत होते, टेफ्लॉन बदलल्यावर तेही थांबलं. सरळपट्टीखाली काही हललं नाही.

@कूलिंग_कॉइल, पुढचा बॉयलर तुमच्या कांडीने करून बघणार आहे, गॅसचाच जाळ आहे तर.

कूलिंग_कॉइल
या दुकानात, कांडी माझ्याकडून. ऑक्सिजन पण माझा, पण दूध तुमचं तुम्ही आणा.

आटेपाडू
टॅप गेला! दाताच्या कोरणीने टोकरला आणि राख बाहेर आली. आटे शाबूत. काका _/\_

गॅलरीतला_फिटर
शेवटचं, सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकरची शिट्टी बसवली तर चालेल का?

वाफाळ
शिट्टी किलोभर प्रेशरला उठते, तुमचं इंजिन ३ वर चालवायचं आहे. वजनाची शिट्टी बॉयलर हलला की उडते सुद्धा. स्टेनलेसची गोळी, खाली तिच्या मापाची धारदार बैठक आणि वर स्टेनलेसची स्प्रिंग घ्या. साध्या पोलादी स्प्रिंगला गंज लागतो आणि ती अडकते, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह अडकण्यासारखी वाईट गोष्ट दुसरी नाही.

यॉर्कशायरचा_मावळा
आणि नुसता ३ ला उडतो एवढं बघून सोडू नका. पहिल्यांदा वाफ कराल तेव्हा इंजिनाचा कॉक पूर्ण बंद ठेवा, जाळ पूर्ण मोठा, आणि व्हॉल्व्हला एकट्याला सगळी वाफ बाहेर टाकू द्या. काटा ३.३ च्या वर जाता कामा नये. गेला तर बैठकीचं भोक लहान पडतंय, ते मोठं करून गोळीही मोठी घ्या. ही टेस्ट मोकळ्यावर करा, गॅलरीत नाही.

गॅलरीतला_फिटर
गच्चीवर करतो. बैठकीचं भोक ४ मिमी केलंय, गोळी ६ ची. चेअरमनचा नातू विचारून गेला कधी आहे म्हणून, त्याला कठड्यापलीकडे उभा करतो.